थांब, दात घालून येते

कुठल्याही छायाचित्र प्रदर्शनात गेलं की एक आजोबा हमखास भेटतात. डोक्याला मुंडासं (लाल असावं, पण फोटो कृष्णधवल असल्यामुळे खात्रीने सांगता येत नाही), ओठांत विडी, विडीचा धूर बरोबर उजेडात आलेला आणि नजर चौकटीबाहेर कुठेतरी लांब. खाली मथळा ‘अनुभव’. शेजारच्या चौकटीत एक आजी असतात. हनुवटी तळहातावर, डोळे पाणावलेले, मथळा ‘प्रतीक्षा’. या आजी नेमकी कुणाची वाट बघत असतील, या विचाराने बघणारे हळहळतात. मला विचाराल तर बहुतेक वेळा त्या फोटोवाला कधी एकदा जातो याची वाट बघत असतात.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण तो फोटोवाला मीही आहे. म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायचा मला नाद आहे. त्यासाठीचं सगळं सामान एका शबनममध्ये मावतं. एक सेकंडहँड कॅमेरा, त्याला पन्नास मिलिमीटरची, दुकानातल्या सगळ्यांत स्वस्त लेन्सांपैकी एक, आणि धूळ झटकायला जुन्या धोतराचा मऊ तुकडा. फ्लॅश नाही, छत्री नाही, तिपाई नाही. नाद परवडला पाहिजे हे एक कारण. दुसरं असं, की तिपाया आणि छत्र्या मांडायला लागलं की म्हातारी माणसं उठून सतरंजी झटकतात, चहाचं आधण चढवतात, शेजारणीला बोलावतात आणि घरात सत्यनारायण असल्यासारखी वागू लागतात. एवढ्याशा कॅमेऱ्याला कुणी भाव देत नाही, हे माझ्या पथ्यावर पडतं.

माझं भांडण सुरकुत्यांशी नाही, सुरकुत्यांच्या शिकारीशी आहे. फोटो संगणकावर घेतला की तिथे एक पट्टी असते. ती उजवीकडे सरकवत नेली की कातडीवरची रेघन्‌रेघ काळी आणि खोल होते, आणि पासष्टीतला धडधाकट माणूस दोन मिनिटांत नव्वदीला पोचतो. मग लोक म्हणतात, ‘वा! काय भाव आहेत!’ भाव कुठले? सुरकुत्या आहेत. त्या येण्यात कुणाचं काही कर्तृत्व नसतं. जन्मभर उन्हात राबलं, दाढा गेल्या, वजन उतरलं की येतात. भाव म्हणजे समोरचा माणूस या क्षणी मनात काय रांधतोय ते. आमच्या सोसायटीतल्या तात्यांच्या चहात सूनबाई साखर कमी घालतात, तेव्हा तात्या कपाकडे आणि मग सुनेकडे ज्या नजरेने बघतात, तो भाव. वाईच्या माझ्या आत्याला शेजारच्या वाड्यातली भानगड अर्धीच कळलेली असते आणि उरलेली अर्धी मला ठाऊक असावी असा तिला संशय येतो, तेव्हा तिचा डावा डोळा बारीक होतो, तो भाव. हे टिपलं की वय फोटोत आपसूक येतंच. त्याला वेगळं आमंत्रण लागत नाही.

पंचाईत अशी की या पिढीला फोटोत भाव ठेवायची सवयच नाही. उलट ते काढून ठेवायचं वळण आहे.

तात्या चौऱ्याऐंशीचे. पोस्टातून निवृत्त. त्यांनी लहानपणी ज्या स्टुडिओत फोटो काढला तिथे मागे पडद्यावर तळं आणि हंस रंगवलेले होते, कोपर टेकायला उंच तिवई होती, तिच्यावर कागदी फुलं. फोटोग्राफरने हनुवटी धरून मान सरळ केली आणि बजावलं, हलायचं नाही, डोळे मिटायचे नाहीत, श्वास रोखायचा. पुढे नात्यातल्या कुणीतरी कॅमेरा घेतला. बडोद्याला तयार होणारा अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री. त्यात १२० चा रोल, रोलात बारा चौकोनी फोटो, आणि ते बारा फोटो गणपतीपासून पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत पुरवायचे. ज्याच्या पापणीमुळे एक फोटो वाया गेला त्याला ते वर्षभर ऐकून घ्यावं लागे. बाकी आयुष्यभर जे फोटो निघाले ते कामाचे. नोकरीच्या अर्जाला लावायचा, लग्न जमवायला पाठवायचा, पेन्शनच्या कागदांसाठी बायकोसोबत जोडीने काढायचा. त्यामुळे मी कॅमेरा उचलला की तात्यांचा पहिला प्रश्न असतो, “कशाला हवाय?” बिनकामाचा फोटो त्यांच्या हिशेबात बसत नाही. आणि कॅमेरा डोळ्याला लागला की त्यांची पाठ ताठ होते, पंजे गुडघ्यांवर जातात, डोळे विस्फारतात आणि तात्या तिथून निघून जातात. खुर्चीत उरतो तो ओळखपत्रावरचा इसम.

या शिस्तीची खरी परीक्षा नोव्हेंबरात होते. पेन्शनवाल्यांनी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. पूर्वी त्यासाठी स्वतः जाऊन उभं राहावं लागे, आणि समोरचा माणूस जिवंत आहे हे टेबलापलीकडच्या माणसाला पटलं की सही-शिक्का मिळे. २०१४ च्या नोव्हेंबरात सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय आणली. बोटाच्या नाहीतर बुबुळाच्या ठशावर काम होऊ लागलं. पण जन्मभर कष्ट केलेल्या हातांचे ठसे झिजतात, यंत्राला ते सापडत नाहीत. म्हणून २०२१ पासून चेहराही चालायला लागला. घरबसल्या मोबाइल तोंडासमोर धरायचा, आणि आपण फोटो नसून खरोखरचा माणूस आहोत हे त्याला पटवण्यासाठी पापण्या मिचकवायच्या.

तात्यांसमोर मोबाइल मी धरला होता. चौकट आली, चेहरा चौकटीत बसला, सूचना उमटली.

“तात्या, डोळे मिचकवा.”

तात्यांनी डोळे आणखी मोठे केले.

“तात्या, मिचकवा! उघडझाप करा!”

“फोटो बिघडेल,” तात्या ओठ न हलवता म्हणाले.

मोबाइलने जरा वेळ वाट पाहिली आणि समोरचा इसम हयात असल्याचं मान्य करायला साफ नकार दिला. पुन्हा सगळं केलं. पुन्हा तात्यांनी श्वास रोखला. एवढ्यात सूनबाईंनी स्वयंपाकघरातून सांगितलं, “तुमच्या चहात साखर अर्धा चमचाच घालतेय हं!” तात्यांची मान गर्रकन वळणार होती, ती त्यांनी महत्प्रयासाने रोखली, पण पापण्या रागाने दोनदा लवल्याच. तेवढ्यावर पुढच्या वर्षाची पेन्शन मार्गी लागली.

रागाची ही किमया फोटोग्राफर यूसुफ कार्शला पक्की ठाऊक होती. ३० डिसेंबर १९४१ ला ओटावात चर्चिल कॅनडाच्या संसदेपुढे भाषण करून बाहेर आले, तेव्हा कार्श दिवे लावून तयार होता. सदुसष्ट वर्षांचे चर्चिल, तोंडात चिरूट. कार्शने राखदाणी पुढे केली, ते चिरूट ठेवेनात. मग तो अदबीने जवळ गेला, सरळ त्यांच्या तोंडातून चिरूट काढून घेतला आणि मागे येऊन बटण दाबलं. युद्धात उभ्या राहिलेल्या ब्रिटनचा निर्धार म्हणून जगाने जो चेहरा डोक्यावर घेतला, जो २०१६ पासून त्यांच्या पाच पौंडांच्या नोटेवरही आला, तो चेहरा चिरूट गेल्याच्या रागाचा आहे. तात्यांची तपकिरीची डबी अशी हिसकावून घ्यायची माझी छाती नाही. कार्शला ओटावात राहायचं होतं, चर्चिल लंडनला परत जाणार होते. तात्या माझ्याच जिन्यावर राहतात.

माझी युक्ती बिनधोक आहे. मी माहिती चुकीची सांगतो.

“तात्या, पानशेतचं धरण बासष्ट साली फुटलं, नाही का?”

“एकसष्ट!” तात्यांचे पंजे गुडघ्यांवरून उडतात. “बारा जुलै एकसष्ट. बासष्ट म्हणे! अरे, मी होतो ना इथे!” आणि मग पाणी कुठल्या गल्लीत कुठवर चढलं ते दाखवायला उजवा हात कमरेपासून वर वर जात खांद्यावर थांबतो, भुवया त्याच्याबरोबर वर जातात, आणि आत्तापर्यंत कुठेतरी निघून गेलेले तात्या पुरते परत येतात. दुसऱ्याची चूक दुरुस्त करताना म्हातारा माणूस जेवढा टवटवीत दिसतो तेवढा च्यवनप्राशाने दिसत नाही. मी आजवर पानशेत वेगवेगळ्या साली फोडलेलं आहे. माझ्या सामान्यज्ञानाबद्दल सोसायटीतल्या ज्येष्ठांचं मत फार वाईट आहे आणि त्यांचे फोटो फार चांगले आले आहेत.

उजेडाची सोय तात्या स्वतःच करतात. सकाळी आठच्या सुमाराला खिडकीशी खुर्ची आडवी लावून ते वर्तमानपत्र वाचतात. खिडकीचा उजेड एका बाजूने आला की चेहऱ्याला उठाव येतो हे खरं, पण म्हाताऱ्या माणसाचे डोळे खोल गेलेले असतात. त्या खोबणीत आणि पलीकडच्या गालावर काळोख साचतो. स्टुडिओवाले तिथे पांढरे फलक लावून उजेड परतवतात. तात्यांच्या मांडीवर उघडलेलं वर्तमानपत्र नेमकं तेच काम करतं. खालून मऊ उजेड वर येतो, हनुवटीखालची सावली निवळते, डोळ्यांत एकेक पांढरा ठिपका उमटतो. चष्म्याच्या काचेत खिडकी दिसायला लागली तर काड्या कानांवर किंचित उचलून ठेवायच्या, म्हणजे काचा खाली कलतात आणि खिडकी निघून जाते. चष्मा काढायला मात्र कधी सांगू नये. बिनचष्म्याचे तात्या त्यांच्या नातवालाही अनोळखी वाटतात.

यातली मोठी गोष्ट अशी की ते पान निधनवार्तांचं असतं. तात्या पहिल्या पानाकडे ढुंकून बघत नाहीत. आत जाऊन थेट तिथे उतरतात. बोट एकेका चौकटीवरून खाली येतं. मध्येच थांबतं. “हा गेला?” ओठ पुढे येतात, मान बारीक हलते. “माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होता. सायकलवरून यायचा.” या क्षणाला तात्यांच्या तोंडावर दुःख असतं, आणि दुःखाच्या बरोब्बर मागे, डाव्या ओठाच्या कोपऱ्यात, शर्यतीत एकाला मागे टाकल्याचं बारीकसं समाधानही असतं. मी कॅमेरा आधीपासून तोंडाशी धरून बसलेलो असतो. तात्यांना त्याचं भान नसतं, कारण ते आता दुसऱ्याच कामात आहेत. ते त्या पानावरच्या फोटोंची परीक्षा करत असतात. “याच्या घरच्यांना एक बरा फोटो मिळू नये? बघ कसा दिसतोय. शोकसभेला आलेल्यांना वाटेल, बरं झालं गेला.” त्या पानावरचे सगळेच चेहरे ताठ मानेने, डोळे विस्फारून, श्वास रोखून बघत असतात. सगळे कामाचे फोटो. त्यातलाच एक काम पडलं तेव्हा हाताशी आला.

वाईला आत्याकडे प्रकरण निराळं. ती एकोणऐंशीची. वाड्याच्या चौकात वरून उजेड येतो, त्याच्या कडेला झोपाळा, आणि फोटोचं नाव काढलं की ती आधी केसांना तेल लावते. चापूनचोपून, एकही केस सुटा राहणार नाही असा अंबाडा. मला अशा वेळी ज्यूलिया मार्गरेट कॅमेरॉनबाईंची आठवण होते. या बाई कलकत्त्यात १८१५ साली जन्मलेल्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लेकीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, तोवर त्यांनी फोटो हा प्रकार मनावर घेतला नव्हता. घेतला तो असा, की कोळशाची खोली डार्करूम झाली आणि कोंबड्यांचं काचा लावलेलं खुराडं स्टुडिओ झालं. कोंबड्या मोकळ्या सोडल्या; त्या कुणी खाल्ल्या नसाव्यात, असं बाईंनीच लिहून ठेवलंय. फोकस पुसट असतो म्हणून जाणकारांनी त्यांना नावं ठेवली. बाई ढिम्म हलल्या नाहीत. १८६७ साली त्यांनी सर जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाचे फोटो काढले. फोटो कायमचा टिकवण्यासाठी जो हायपो वापरतात त्याचा गुण शोधून काढणारे ते हेच हर्शेल, तेव्हा पंच्याहत्तरीचे. कॅमेरॉनबाईंनी त्यांना बसवण्याआधी केस धुवायला लावले. का, तर ते पांढरे केस मोकळे, भुरभुरते राहावेत आणि त्यांनी काळोखात डोक्याभोवती उजेड धरावा म्हणून. फोटो बघावा असाच आहे. म्हाताऱ्याचे डोळे आत्ताच काहीतरी दिसल्यासारखे उघडे, आणि केस सगळ्या दिशांना.

मी आत्याला एकदा सुचवून पाहिलं, की न्हाऊन केस मोकळे सोडून बस. ती म्हणाली, “आज वार कुठला, काही कळतं का? आणि केस मोकळे सोडून बसायला मला काय झपाटलंय?” हर्शेलांना वाराची अडचण नसावी. मी वाट बघतो. तेल कितीही लावलं तरी चहा होईस्तोवर कानामागची एक पांढरी बट सुटतेच, आणि तिच्यावर चौकातला उजेड येतो.

तेल झालं की दात. “थांब, दात घालून येते,” म्हणून आत्या आत जाते. तिची कवळी दोनच कामांसाठी आहे, लग्नाला जायला आणि फोटोला. जेवताना ती टोचते, बोलताना सरकते, म्हणून एरवी वाटीत पाण्यात असते. कवळी घातलेली आत्या म्हणजे कुणाकडे तरी पाहुणी आलेली बाई. तोंड मिटलेलं, शब्द मोजके, हसू ओठांच्या आत, कारण जास्त हसलं तर वरची पंगत खाली येईल ही धास्ती. मी तिच्या समाधानासाठी तसे फोटो मन लावून काढतो. मग म्हणतो, “झालं.” हा शब्द ऐकला की आत्या कवळी पदराआड काढून वाटीत टाकते, सुस्कारा सोडते, पाय वर घेते आणि झोपाळ्याला पायाच्या अंगठ्याने एक रेटा देते. माझं काम इथे सुरू होतं.

चालत्या झोपाळ्यावरच्या माणसाचा फोटो हे स्वस्त लेन्सचं मोठं दुखणं आहे. ही पन्नासची लेन्स पूर्ण उघडली, म्हणजे १.८ वर ठेवली, तर काळोख्या चौकातही फोटो निघतो. पण हातभर अंतरावरून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर खोलीचा भागच स्पष्ट येतो. नाकाचं टोक लख्ख, डोळे धुक्यात. झोपाळा थांबव म्हणून सांगायची सोय नाही. झोपाळा थांबला की आत्याचं बोलणं थांबतं. म्हणून आकडा चारपर्यंत नेतो, उजेड कमी पडला तर फोटो थोडा खरखरीत येऊ देतो, आणि झोपाळा पुढे येऊन परत फिरताना क्षणभर जिथे अडखळतो त्या जागेवर फोकस बांधून बसतो. दर हेलकाव्याला एक संधी. मोबाइलने हे होत नाही का? होतं, फक्त जवळ जाऊन काढू नये. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद नजरेची, ती हातभर अंतरावरून आधी नाकाला न्याय देते आणि कान मागे ढकलते. जरा लांब सरून, दुप्पट जवळ आणणारी लेन्स लावून काढलं की नाक मापात येतं.

आत्या मला कॅमेरा घेऊन नुसतं बसू देत नाही. समोर मटारची पाटी ठेवते. सोलून होईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण १९४६ साली पुण्यात मार्गारेट बर्क-व्हाइट या ‘लाइफ’ मासिकाच्या नामांकित फोटोग्राफरबाई गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो काढायला आल्या, तेव्हा त्यांनाही आधी सूत कातायला शिकावं लागलं होतं. गांधीजी शहात्तर वर्षांचे, फ्लॅशचा झगमगाट नको म्हणणारे; मोजून तीन बल्ब वापरायची परवानगी. पुढे गांधीजी म्हटलं की जो फोटो डोळ्यांपुढे येतो, तो हा. समोर चरखा, मागे वाचत बसलेला म्हातारा, खिडकीचा उजेड. सूत किती तुटलं असेल कुणास ठाऊक. मला मटार बरा जमतो. आत्या माझ्या सोललेल्या दाण्यांतून किडका दाणा वेचून काढते, चिमटीत धरून डोळ्यांपुढे नेते, आणि दाण्याकडे बघता बघता बोलते ते माझ्या बापाच्या बालपणाबद्दल. तिची नजर दाण्यावर, मन सत्तर वर्षांमागे, तोंडाचं बोळकं अर्धं उघडं. मी हात विजारीला पुसून कॅमेरा घेईस्तोवर ती म्हणते, “पुरणपोळी खाणार का उद्या?” मी म्हणतो, “साखरेचीच ना?” मग बारीक होतो तो डावा डोळा. “साखरेची? तुझ्या आईने तुला काय खायला घातलं रे?”

फोटो काढला की तो त्या माणसाच्या हातात पडला पाहिजे, याबाबतीत मी कडवा आहे. आषाढी वारीत पालखी दिवे घाटात आली की वारकऱ्यांइतकेच कॅमेरे चढत असतात, आणि त्यांतले निम्मे तुळस डोक्यावर घेतलेल्या म्हाताऱ्या शोधत असतात. तिथल्या एका आजीने मला ऐकवलं होतं, “बाबा, दरसाल कुनी ना कुनी काढतंय. एक बी फोटू माज्या घरी आला न्हाई.” मी मुक्काम पोस्ट लिहून घेतलं आणि मोठी प्रत करून पाठवली. नुसता चेहरा, त्यावर तुळशीची सावली, डोळ्यांत हसू. मला फार आवडलेला फोटो. काही दिवसांनी नातवाचा फोन आला. फोटो पोचला, आजीने देवाशेजारी लावला, पण तिने विचारलंय की पाय का कापले. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत जे चालले ते फोटोत नाहीत, आणि जे नुसतं वर बसून गेलं ते एवढं मोठं आलंय. पुढच्या वर्षी पायांसकट काढून पाठवला. आता त्या फोटोत चेहरा करंगळीएवढा आहे. आजी खूश आहे.

आत्याचं तेच; ती प्रत हातभर लांब धरते आणि निकाल देते. मोबाइलवर एकदा माझ्या नकळत चेहरा गुळगुळीत करणारं काहीतरी चालू राहिलं होतं. त्यात आत्या पन्नाशीची आली, गाल चकचकीत, कपाळावर एक आठी नाही. मला वाटलं झापणार. ती म्हणाली, “हा नागपूरला वन्संना पाठव. लगेच पाठव.” मला हे वावगं वाटलं नाही. जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने हेच करायचे, त्याचे जादा पैसे घ्यायचे आणि लोक ते आनंदाने द्यायचे. वन्संना जळवायला गुळगुळीत फोटो लागतो. त्या कामाचा तो आहे.

पण एका कामाच्या बाबतीत आत्याने ती गुळगुळीत बाई नापास केली. गेल्या दिवाळीनंतर मी सगळ्या प्रती घेऊन गेलो, तर ती पलंगावर पत्ते मांडावेत तशी त्या मांडून बसली आणि म्हणाली, “यातला भिंतीवरचा कुठला, ते ठरवून टाकू.” घरातल्या वहिनी आतून ओरडल्या, “अहो आत्या, काहीतरी अभद्र बोलू नका!” आत्याने तिकडे लक्ष दिलं नाही. तात्यांच्या निधनवार्तेच्या पानाची हकिकत मी तिला सांगितलेली होती, ती तिच्या चांगली ध्यानात होती. ऐनवेळी तुम्ही आधार कार्ड शोधाल आणि त्यावरचा मोठा करून आणाल, ही तिची भीती. ती रास्त आहे. आधारवरची आत्या पोलिसांना हवी असलेली दिसते.

गुळगुळीत फोटो तिने चिमटीत धरून बाजूला केला. “हिला हार घालाल, तर मी कुठे जाऊ?” कवळीचा फोटो बराच वेळ बघितला. “हा लग्नात लावायचा असता तर चालला असता.” एक फोटो होता, त्यात झोपाळ्याच्या कडीवर डोकं टेकून ती थकलेली, कुठेच न बघणारी. प्रदर्शनात पाठवला असता तर बक्षीस ठरलेलं. फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडनने आपल्या आजारी वडिलांचे शेवटच्या काही वर्षांतले, १९७३ मध्ये ते जाईपर्यंतचे फोटो न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात १९७४ साली मांडले होते. ते फोटो थोर आहेत, आणि मला तसं करवणार नाही. आत्याने तो झोपाळ्याचा फोटो उपडा ठेवला. “हा नको. पोरं घाबरतील.”

शेवटी तिने काढला तो साखरेच्या पुरणपोळीचा. तोंडात दात नाहीत, मान पुढे आलेली, डावा डोळा बारीक, तर्जनी थेट कॅमेऱ्याकडे, चिमटीत मटारचा दाणा, कानामागची बट सुटलेली.

“हा?” मी विचारलं. “यात तू रागावलीयेस.”

“मग? हसरा लावलात तर या घरात कोण भिणार आहे? बोट नीट दिसू दे. मागचं कॅलेंडर काढून टाक, नाहीतर महिना कुठला ते लोक बघत बसतील. आणि काच लावू नको, उजेड पडला की त्यात समोरचा दिवा दिसतो.”

हे शेवटचं तर माझ्याही आधी तिला सुचलं. मी सगळं वहीत टिपून घेतलं. ती पलंगावरून उतरली, भिंतीपाशी गेली आणि तळहाताने जागा चाचपू लागली.

“हातोडी आण माळ्यावरून. खिळा आत्ताच मारून ठेव. नंतर गडबडीत वाकडा ठोकाल, आणि मला सांगताही येणार नाही.”

वहिनी दारात येऊन कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. मी स्टुलावर चढलो. आत्या खालून बोटाने दाखवत होती.

“अजून वर. डावीकडे. अरे, तिथे नको, तिथे पाल येते!”